खुराड्यांतील नवें बिऱ्हाड

परसांतल्या कोंबड्यांत प्रत्येकीचा मान ठरलेला असतो. नॉर्वेच्या शेल्डेरूप-एब्बे यांनीं १९२२ सालीं हा टोचण्याचा क्रम शास्त्रोक्त रीतीनें मांडला. नवी कोंबडी एकाएकीं आंत सोडल्यास तो क्रम मोडतो आणि तिच्या जिवावर बेततें.

म्हणून तिला प्रथम तीन-चार आठवडे दूर ठेवावें. मानमोडीसारखा रोग असल्यास तो तेवढ्यांत उघड होतो व जुना कळप वांचतो. पुढें आठवडाभर मध्यें जाळी असावी : दृष्टिभेट व्हावी, चोंच पोंचूं नये. एकटीऐवजीं दोघीतिघी आणाव्या. दाणापाणी दोन ठिकाणीं मांडावें, दुबळीला आडोसा ठेवावा.

त्यानंतरची किरकोळ टोचाटोची थांबवूं नये. तींतूनच नवीचें स्थान ठरतें. रक्त दिसतांच मात्र तिला वेगळें करावें, कारण रक्त पाहून साऱ्याजणी तिच्यावर तुटून पडतात.