लिंबायतची माणसे मोजायची कशी?



शताब्दीच्या निमित्ताने साहित्यावर बोलणारे वक्ते आपल्याला पुष्कळ लाभतील. माझ्याकडे आपण लोकसंख्येसारखा रुक्ष विषय सोपविला. तथापि, पुढील पंचवीस वर्षांत आपल्याला वाचक किती आणि कोणते मिळणार हा प्रश्न ज्या संस्थेसमोर आहे, तिने आकड्यांची वही एकदा उघडावी हे योग्यच आहे. उदाहरण दूरचे घेत नाही. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील, खानदेशी माणसांनी भरलेले आपले लिंबायत आणि त्याला पोटात घेणारी सुरत, एवढेच पुरे आहे.

१९०१ च्या शिरगणतीत सुरतेची वस्ती सुमारे १ लाख १९ हजार होती. १९५१ साली ती २ लाख २३ हजार भरली, म्हणजे अर्ध्या शतकात दुप्पटसुद्धा नाही. पुढे १९६१ साली २.८८ लाख, १९७१ साली ४.७२ लाख, १९८१ साली ७.७७ लाख, १९९१ साली १४.९९ लाख, २००१ साली २४.३४ लाख आणि २०११ साली ४४.६७ लाख. हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. १९६१ साली नगरपालिकेतल्या एखाद्या इंजिनिअरला पाण्याच्या नळांसाठी पन्नास वर्षांचा अंदाज बांधायला सांगितला असता, तर त्याने काय केले असते? मागील दशकातील वाढ २९ टक्के होती. तीच गती धरून त्याने २०११ साठी १० लाखांच्या आसपासचा आकडा काढला असता. त्याच्या गणितात काहीही चूक नसती. फक्त ज्या दशकावर त्याने भरवसा ठेवला, ते दशक पुन्हा आले नाही.

आता १९९१ साली बसलेला दुसरा इंजिनिअर घ्या. त्याच्यासमोर एका दशकात ९३ टक्के वाढलेले शहर आहे. हीच टक्केवारी पुढे चालविली तर २०११ साठी ५५-५६ लाख येतात. टक्केवारी सोडून, दर दशकास ७.२२ लाख माणसे वाढतील असे धरले तर २९ लाखांच्या आसपास येतात. शहर एक, कागद एक, आणि दोन उत्तरांत २६ लाखांचे अंतर! पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत या दोन्ही रीती, आणि तिसरी ‘वाढीतील वाढ’ धरण्याची रीत, वर्षानुवर्षे वापरात आहेत. म्हणून लोकसंख्येचे भाकीत ऐकताना आकड्याआधी विचारावे की यात गृहीत काय धरले आहे. ‘अमुक चालू राहिले तर तमुक होईल’ एवढेच विधान ते असते. वर्तमानपत्रे त्यातला ‘तर’ गाळून छापतात, आणि मग ज्योतिष व लोकसंख्याशास्त्र यांत फरक उरत नाही.

मागील आकडे तरी सरळ आहेत काय? तेही नाहीत. २००१ ते २०११ या दशकात सुरत ८४ टक्क्यांनी वाढली असे वरवर दिसते. परंतु २००६ साली महानगरपालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली. नव्या हद्दीतील गावांची २००१ ची वस्ती मिळविली तर त्या वर्षीचा आकडा २८.७६ लाख होतो आणि वाढ ५५ टक्क्यांवर येते. उरलेली वाढ माणसांची नसून नकाशाची होती. जिल्ह्याचेही तसेच. १९६४ साली सुरत जिल्ह्यातून वलसाड वेगळा झाला, २००७ साली तापी. म्हणून २००१ चा सुरत जिल्हा जुन्या हद्दीत ४९.९५ लाखांचा आणि आजच्या हद्दीत ४२.७६ लाखांचा भरतो. २०११ च्या ६०.८१ लाखांशी तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची. पहिला घेतला तर जिल्ह्याची निम्मी वाढ नाहीशी होते. आपल्या मूळ मुलखातही १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाले. तिथे हीच काळजी घ्यावी लागते. लिंबायत म्हणजे तरी काय? एक जुने गाव, एक वॉर्ड, महापालिकेचा एक झोन आणि एक विधानसभा मतदारसंघ. नाव एकच, सीमा चार.

मतदारसंघाचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. विधानसभेचे मतदारसंघ दीर्घकाळ १९७१ च्या जनगणनेवर गोठविलेले होते. सुरतेभोवतीचा चोऱ्यासी मतदारसंघ त्यामुळे फुगत गेला आणि २००७ च्या निवडणुकीच्या वेळी तेथील मतदार दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेले होते, तर इतरत्र दीड-दोन लाख मतदारांनाही एक आमदार मिळत होता. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ साली झाली आणि २०१२ साली लिंबायतने प्रथम आपला आमदार निवडला. शिरगणतीचा आकडा उशिरा वापरला की माणसाचे मत किती पातळ होते, याचे याहून ठळक उदाहरण शोधायला दूर जायला नको.

जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदींवरून भाकीत करता येते, परंतु ते स्थिर वस्तीचे. लिंबायत जन्मावर वाढलेले नाही, तापी खोऱ्यातल्या रेल्वेने वाढले आहे. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या स्थानकांवरून गाडी उधन्यापर्यंत येते. यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि साड्यांच्या घड्या घालण्याची कामे तिथून हाकेच्या अंतरावर. आधी तरुण एकटा येतो, खोलीत चार-सहाजणांबरोबर राहतो, नंतर कुटुंब आणतो, किंवा आणत नाही. २०११ साली सुरत शहरात दर हजार पुरुषांमागे केवळ ७५६ स्त्रिया होत्या. त्या एका आकड्यात शहराचा सारा इतिहास आहे. अशा वस्तीचा वयोगटांचा मनोरा तरुण पुरुषांच्या बाजूने फुगलेला असतो. त्यातले किती येथे म्हातारे होतील आणि किती गावी परततील हे जन्मदाखल्यांवरून कळत नाही. शिवाय १९९४ सालच्या प्लेगमध्ये लाखो माणसे काही दिवसांत शहर सोडून गेली, २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा गेली. दशवार्षिक तक्त्यांत या दोन्ही घटनांचा मागमूस नाही.

गणनेचा महिनाही पाहावा. आपली जनगणना फेब्रुवारीत होते. त्या वेळी यंत्रमागाचा कामगार शहरात असतो. दिवाळीत किंवा लग्नसराईत तोच गावी असतो. धुळे-नंदुरबारकडची ऊसतोड कुटुंबे त्याच महिन्यात बारडोलीच्या बाजूला फडावर पालांत असतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेतील या फिरस्त्या मजुरांचा अनेक दशके अभ्यास केला. ही माणसे गावच्या वहीत धरायची की फडावरच्या, हा प्रश्न त्यामुळे पुस्तकी राहत नाही.

आता आपल्या ग्रंथालयाच्या अगदी जवळचा मुद्दा. २०११ साली गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ९ लाख २० हजार होते. परंतु लिंबायतमधल्या घरात आजी नातवाशी अहिराणी बोलते, आणि जनगणना अहिराणीला मराठीत न धरता ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली धरते. देशभरात तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. एकाच ओट्यावरच्या दोन भावांपैकी एकाने मराठी आणि दुसऱ्याने अहिराणी सांगितली, तर ते दोन भाषांचे होतात. दोघेही खरेच बोलले. वाचायला मात्र दोघांना मराठीच पुस्तक लागते. मराठी भाषकांचा आकडा हा मराठी वाचकांचा आकडा नव्हे, तो या बाजूने कमी पडतो. दुसऱ्या बाजूने तो जास्त भरतो. घरी मराठी बोलणारी, पण शाळेत गुजराती, हिंदी वा इंग्रजी शिकलेली पिढी त्यात मोजली जाते, आणि ती देवनागरी वाचू शकली तरी मराठी कादंबरी हाती घेईलच असे नाही. महानगरपालिकेच्या मराठी शाळा अजून आहेत. त्यांच्या पहिलीच्या पटावरील दरसालची संख्या आपल्याला पंधरा वर्षांनंतरच्या वाचकांविषयी कोणत्याही राज्यस्तरीय भाकितापेक्षा अधिक सांगेल.

२०२१ ची जनगणना झाली नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरली आहे. तोवरचे सगळे आकडे २०११ वर उभे आहेत, आणि त्यानंतर २०२० साली सुरतेची हद्द पुन्हा वाढली आहे. म्हणून ग्रंथालयाने सरकारी तक्त्यांची वाट पाहत बसू नये अशी माझी सूचना आहे. सभासदांच्या नोंदवहीत नाव-पत्ता असतोच. त्यात जन्मवर्ष, मूळ गाव, सुरतेत आल्याचे वर्ष आणि शिक्षणाचे माध्यम असे चार रकाने वाढवावेत. सभासदत्व सोडणाऱ्यास कारण विचारून लिहून ठेवावे: गावी गेला, घर बदलले, की वाचन सुटले. नवे सभासद, गेलेले सभासद आणि वाढत जाणारे वय एवढ्यावरून पुढील दहा वर्षांचा अंदाज आपला लिपिकही एका दुपारी काढू शकेल. तो काढताना वर्षअखेरीस गृहीतकांची एक ओळ खाली लिहावी आणि दर पाच वर्षांनी जुना अंदाज नव्या नोंदीशी ताडून पाहावा. वही या महिन्यापासून सुरू करता येईल. कार्यकारिणीची मान्यता तेवढी घ्यावी लागेल.