नाव वाऱ्याच्या तोंडाला

कारंज्याजवळच्या अडाण धरणावर मी मासे धरतो. आज नाव कशी सांभाळायची, तेवढंच सांगतो.

तयारी आदल्या सांजेलाच. जाळं सांधून नीट घडी घालायची. पाणी उपसायला डबा, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन अन् हाताशी सुरी. पाण्यात पडलो तर कॅनच तारतो. अन् सुरी? ऐका.

एकदा वारा सुटला. जाळ्यात मोठा कटला. मी एकाच बाजूनं ओढत बसलो. नाव कलली, आडवी लाट आत आली. वल्ह्यावर बाबा होते. ओरडले, "काप जाळं! सरक मधी!" मी कापलं. त्यांनी नावेचं तोंड वाऱ्याकडं वळवलं, तशी ती सावरली.

कटला गेला. जाळं पुन्हा विणलं, भाऊ.