उद्यावर डेमरेज चढतं

(घुग्घुस इथल्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. विद्यापीठाचा वर्ग मी आतून पाहिलेला नाही. तरी बोलतो, कारण उद्यावर टाकलेल्या मालाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. जहाजातनं उतरलेला माल धक्क्यावर पडून राहिला, की पहिले काही दिवस फुकट. मग डेमरेज चालू. दिवस वाढले की दर वाढतो. कधीकधी मालापेक्षा डेमरेजच जड होतं, मग मालक माल सोडून देतो.

तुमचं सेमिस्टर असंच. पहिला महिना फुकटचा वाटतो. मग फॉर्मची तारीख, लेट फी, राहिलेले विषय. आणि एक दिवस पोरगं कॉलेजच सोडतं.

याला आळस म्हणणारे म्हणोत. ज्याच्या घरी एकच खोली, बाप खाणीत रातपाळी करून दिवसा झोपलेला, त्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुस्तक जाड, इंग्रजी अवघड, घरात आधी कुणी शिकलेलं नाही. चुकलो तर हसतील, ही भीती. तीच कानात सांगते, उद्या बस.

बाबासाहेब बघा. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परत यायला विद्यापीठानं चार वर्षांची सवलत दिली. उद्यावर टाकायला केवढी जागा! पण त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, उसने घेतले, १९२० ला लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीला परत केला. तो दुरुस्त करून पाठवला, १९२३ ला पदवी घेतली.

आमच्यात अख्खं जहाज कुणी एकदम बघत नाही. टोळी पुढचं पोतं बघते. तुम्हीही 'आज अर्थशास्त्र करतो' म्हणू नका. 'सातला बसतो, दोन पानं वाचतो, चार ओळी माझ्या मराठीत लिहितो' म्हणा. घरात जागा नसेल तर विहारात बसा. तिघंचौघं बसा. एकटा माणूस दांडी मारतो, टोळी मारू देत नाही.

२०११ ला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी या दोन जिल्ह्यांतली कॉलेजं नागपूरला जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आलं. पुस्तकाजवळ मात्र आपणच जायचं असतं.

आज सातला कोण कुठं बसणार, ते इथनं उठायच्या आधी ठरवा.