शिकाऊ डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य



वैनगंगेच्या तीरावरील पवनी ही भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगरी होय. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी १९६९-७० मध्ये येथे केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. पवनीच्या एका शिल्पात मुचलिंद नागाने रिकाम्या आसनावर फणा धरलेला दिसतो. ते आसन ध्यानस्थ बुद्धांचे प्रतीक असून, वादळी पावसात नागराजाने त्यांना आश्रय दिल्याची कथा त्यात कोरलेली आहे.

बौद्ध परंपरेतील आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर चित्त ठेवण्याची साधना, आज वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रातही विचारात घेतली जात आहे. भंडारा जिल्ह्याला या विषयाचे विशेष अगत्य असावयास हवे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा शुभारंभ झाला, त्यांत भंडाऱ्याचाही समावेश आहे.

साडेचार वर्षांचा अभ्यास, वर्षभराची आंतरवासिता आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घेताना करावयाची निवासी डॉक्टरची सेवा, असा हा दीर्घ प्रवास आहे. परीक्षेची धास्ती, रात्रपाळीचे जागरण, प्रथमच जवळून पाहिलेला मृत्यू आणि नातलगांचा रोष हे सर्व ऐन पंचविशीच्या आत-बाहेर सोसावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सर्वेक्षणात उत्तरे देणाऱ्यांपैकी पदवीच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तर वर्गांतील १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक विकाराचे निदान झाल्याचे नमूद केले. थकलेल्या डॉक्टरच्या हातून चूक होण्याचा संभव वाढतो. म्हणूनच हा प्रश्न रुग्णाच्याही हिताचा आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ध्यानावर आधारित उपक्रम सुरू केला. धार्मिक विधी वगळून त्यांनी त्याला आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा प्रशिक्षणानंतर वैद्यकीय विद्यार्थ्यांची चिंता कमी झाल्याचे व सहानुभूती वाढल्याचे आढळले. महाराष्ट्रात इगतपुरी येथे सत्यनारायण गोएंका यांनी उभारलेले विपश्यना केंद्रही सर्वपरिचित आहे.

या साधनेस मोठा खटाटोप लागत नाही. ताठ परंतु सैल बसावे आणि नाकपुड्यांशी होणारा श्वासाचा स्पर्श दहा मिनिटे न्याहाळावा. मन भरकटणारच, ते भरकटल्याचे ध्यानी येताच, स्वतःला दोष न देता, त्यास परत श्वासावर आणावे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुण्याचा अवधी असतो. तेवढ्यात दोन-तीन श्वास जाणीवपूर्वक घेतले, तरी आधीच्या खाटेजवळील घालमेल पुढच्या खाटेपर्यंत जात नाही.

तथापि, ध्यान हा झोपेचा पर्याय नव्हे. छत्तीस तास जागलेल्या तरुणास डोळे मिटून बसावयास सांगणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या माथी मारणे होय. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे आणि त्यांना आठवड्याची एक सुटी मिळावी, अशी शिफारस उपरोक्त कृतिदलाने केली आहे. तिची अंमलबजावणी, स्वच्छ विश्रांतिकक्ष, वेळेवर भोजन आणि वरिष्ठांची सौजन्याची वागणूक यांच्या जोडीनेच ध्यानाचा उपयोग होईल. मन फार खचले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी आहे.

पवनीच्या शिल्पातील ध्यानस्थालाही वादळात आश्रयाची गरज भासली. आपल्या तरुण डॉक्टरांना ध्यान अवश्य शिकवावे. परंतु त्यांच्यावर छत्र धरण्याचे कर्तव्य महाविद्यालये, रुग्णालये आणि समाज यांनी विसरू नये.