पन्हळ गळते तेव्हा काय करावे?

(न्यासाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी पन्हळींवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. मंदिरात बोलायचा हा काय विषय, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या न्यासाच्या मदत-टेबलावर मी शनिवारी बसते आणि ज्येष्ठ सभासदांची जर्मन पत्रे वाचून देते. विमा आणि पेन्शन यांच्या खालोखाल जर कुठले कागद माझ्यापुढे येत असतील, तर ते छपराचे आणि पन्हळीचे. मुले दुसऱ्या गावी, घर जुने, भाषा थोडी अडते आणि भिंतीवर ओल चढते. या अडचणीत आपल्यातले बरेच जण आहेत, म्हणून हे बोलणे.

कोकणातल्या मंडळींना पन्हळ नवीन नाही. पोफळीचे खोड चिरून, पोखरून केलेल्या पन्हळीतून आगराला पाणी नेलेले तुम्ही पाहिले असेल. तिकडे घराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते, पागोळ्या अंगणात पडतात आणि जोते उंच असते. म्हणून रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही भिंत तगते. जर्मनीत सरासरी साधारण ८०० मिलिमीटरच पाऊस. पण इथे घराखाली तळघर असते. छपराचे पाणी पन्हळीतून उभ्या पाइपात आणि तिथून गटारात गेले नाही, तर ते पायाशी मुरते आणि तळघराच्या भिंतीत शिरते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरचे छप्पर असेल तर वर्षाला ऐंशी हजार लिटर. उन्हाळ्यातल्या एका वादळी पावसात ३० मिलिमीटर पडला, तर तीन हजार लिटर पाणी तासाभरात त्या एका पन्हळीतून जायचे असते. म्हणून 'थोडेसे गळते, चालायचेच' असे म्हणू नये.

आता काम नीट झाले आहे की नाही, हे कसे ओळखायचे? यासाठी शिडी चढायची नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. खाली उभे राहून, पाऊस पडत असताना छत्री घेऊन पाहा.

पहिली गोष्ट उतार. पन्हळीला उभ्या पाइपाच्या दिशेने दर मीटरला साधारण ३ ते ५ मिलिमीटर उतार हवा. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. पण उतार उलटा असेल तर पाणी पाइपाकडे न जाता दुसऱ्या टोकाला साचते आणि तिथून ओसंडते.

दुसरी गोष्ट कड. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा थोडी खाली असली पाहिजे. मग कधी तुंबली, तरी पाणी बाहेर पडते, भिंतीवर येत नाही. पाऊस थांबल्यावर पन्हळीमागच्या भिंतीवर ओघळ दिसले, तर ही कड किंवा मागची बाजू चुकली आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट सांधे. इथे बहुतेक पन्हळी जस्ताच्या पत्र्याच्या असतात. जस्त उन्हाने वाढते, थंडीने आकसते. दहा मीटरची पन्हळ हिवाळ्याच्या उणे दहा अंशांपासून उन्हात साठ अंशांपर्यंत तापली, तर सुमारे दीड सेंटिमीटर लांब होते. तिला हलायला जागा ठेवली नाही, तर सांधा उकलतो. सांधे नीट सोल्डर केलेले किंवा त्याच कामाच्या खास गोंदाने जोडलेले हवेत. वरून सिलिकॉनचा पट्टा फासला, तर तो फार टिकत नाही.

चौथी गोष्ट धातू. वरच्या भागात तांबे आणि खाली जस्त, असे कधी करू देऊ नका. तांब्यावरून आलेले पाणी जस्ताला खाते.

आमच्याच घराचे सांगते. आम्ही म्युनिकजवळ राहतो. जुनी पन्हळ काढून नवी बसवली आणि पहिल्याच मोठ्या पावसात मधल्या सांध्यातून धार लागली. कारागिराला फोन केला. "येऊन बघतो," म्हणाला. सहा आठवडे आलाच नाही. यजमान म्हणाले, "आपणच थोडे सिलिकॉन लावू." मी नको म्हटले. आपण हात लावला की दोष कोणाचा, यावर वाद सुरू होतो.

मग फोन सोडून कागद हातात घेतला. पाऊस पडतानाचे फोटो काढले, तारखा लिहिल्या आणि रजिस्टर टपालाने पत्र पाठवले. पत्रात तीनच गोष्टी लिहिल्या: कुठे गळते, ते दुरुस्त करून द्यावे आणि अमुक तारखेपर्यंत करावे. तीन आठवड्यांची मुदत दिली. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता, तो रोखून ठेवला. दुरुस्तीला जेवढा खर्च येईल त्याच्या साधारण दुपटीइतकी रक्कम काम नीट होईपर्यंत रोखता येते, असे इथला दिवाणी कायदा सांगतो. मुदत संपायच्या आत त्यांचा मुख्य कारागीर पाणसळ घेऊन आला. अर्ध्या भागाचा उतार उलटा निघाला. आकडे काढून नव्याने बसवले. भांडण झाले नाही, वकील लागला नाही.

यातून चार नियम लक्षात ठेवा. काम संपल्यावर मालकाने ते स्वीकारायचे असते, त्याला इथे आबनामे म्हणतात. दिसणारा दोष असेल तर तो लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. घराच्या मोठ्या कामातल्या दोषाची तक्रार सहसा पाच वर्षांपर्यंत करता येते, किरकोळ दुरुस्तीची दोन वर्षांपर्यंत. करारात वेगळे नियम असतील तर चार वर्षेही असू शकतात, म्हणून करार वाचून घ्या. आणि मुदत देऊनही कोणी आले नाही, तर दुसऱ्याकडून काम करून खर्च मागता येतो. पण मुदत आधी लेखी दिलेली असावी.

आता ज्यासाठी मला मुख्यतः बोलायचे आहे ते. दारावर येणारी माणसे. पोलीस त्यांना छपराचे शार्क म्हणतात आणि त्यांच्याबद्दल वारंवार सावध करतात. गाडी थांबते, कामाच्या कपड्यातला माणूस बेल वाजवतो. "शेजारी काम करत होतो, तुमची पन्हळ सुटलेली दिसली. सामान उरले आहे, आजच स्वस्तात करून देतो." ही माणसे बहुधा वृद्ध आणि एकट्या माणसाचे दार निवडतात. आपल्यातल्या एका काकूंनी सांगायची परवानगी दिली म्हणून सांगते. सकाळी शंभर-दोनशे युरोंची गोष्ट होती. दुपारी "आत सगळे कुजले आहे" म्हणून ती हजारांवर गेली आणि एक जण त्यांना पैसे काढायला बँकेपर्यंत सोडायला आला. पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनंतर सगळे सांधे उघडले. पावतीवरचा फोन लागत नव्हता. काकू कित्येक महिने मुलाला काही बोलल्या नाहीत. पैशांपेक्षा ते गप्प राहणेच त्यांना जास्त जड गेले.

काका-काकूंनो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फसवणारे रोज हेच करतात, आपण कधीतरी एकदा दार उघडतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. घरी येऊन केलेला करार सहसा १४ दिवसांत रद्द करता येतो. हा हक्क कारागिराने सांगितलाच नाही, तर मुदत आणखी बारा महिन्यांनी वाढते. जर्मनीतल्याच एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १७ मे २०२३ रोजी निकाल दिला. विजेचे काम पूर्ण झाल्यावर घरमालकाने करार रद्द केला होता. हक्काची माहिती दिलेली नव्हती, म्हणून त्याला काहीही द्यावे लागणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तुम्ही स्वतः तातडीच्या दुरुस्तीला बोलावले असेल, तर मात्र हा हक्क लागू नसतो. आणि रोख पैसे घेऊन माणूसच नाहीसा झाला, तर हक्क कागदावरच राहतो. म्हणून दार उघडले तरी होकार देऊ नका. "मुलाला विचारून सांगते" एवढे पुरे. माणूस हलत नसेल तर ११० वर फोन करा.

पन्हळीच्या कारागिराला बव्हेरियात श्पेंग्लर म्हणतात, उत्तरेकडे क्लेम्पनर. हा धंदा चालवायला सहसा माइस्टरची पात्रता लागते आणि कारागीर-मंडळाच्या, म्हणजे हांडवर्क्सकामरच्या नोंदवहीत नाव लागते. तिथे फोन करून खात्री करता येते. दोन-तीन लेखी अंदाज घ्या. पैसे बँकेतूनच द्या. बिल असेल आणि पैसे बँकेतून गेले असतील, तर मजुरीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १,२०० युरो, आयकरातून वजा होतात. रोख दिलेल्याला ही सवलत नाही.

जे भाड्याने राहतात, त्यांनी गळती दिसताच घरमालकाला लेखी कळवावे. दुरुस्ती त्याची जबाबदारी, पण कळवणे आपले कर्तव्य आहे. पन्हळ नियमित साफ करण्याचा खर्च भाडेकरूवर टाकायचा, तर तो करारात नाव घेऊन लिहिलेला हवा, असा इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २००४ चा निकाल आहे. एकदाच तुंबली म्हणून काढलेल्या कचऱ्याचा खर्च त्यात येत नाही.

शेवटी विनंती. नोव्हेंबरमध्ये पाने गळून संपली की पन्हळी साफ करायच्या असतात. आपल्यापैकी कोणीही सत्तरी ओलांडलेल्याने शिडीवर चढू नये. मोडलेले माकडहाड कुठल्याही पन्हळीपेक्षा महाग पडते. एकटे राहणाऱ्या सभासदांनी, किंवा त्यांना ओळखणाऱ्यांनी, कार्यालयातल्या वहीत नाव लिहावे. तरुण मंडळींना सांगणे आहे की महिन्यातला एक शनिवार द्या. शिडीवर तुम्हीही चढू नका. खाली उभे राहून पाहा, फोटो काढा, पत्र लिहा आणि खरा कारागीर शोधून द्या. ज्यांना दुरुस्तीचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी न्यासाच्या साहाय्य निधीत यथाशक्ती भर घाला. रक्कम लहान असली तरी चालेल. निधीतून दिलेली मदत थेट कारागिराच्या बिलापोटी बँकेतून दिली जाईल आणि घेणाऱ्याचे नाव कुठेही छापले जाणार नाही.

आणि ज्यांच्या घरी असे काही घडून गेले आहे, त्यांनी शनिवारी टेबलाशी या. कागद असतील ते घेऊन या, नसतील तरी या.