एका नखीची नक्कल



टेबलावर ठेवलेली ही नखी खरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मूळ वस्तूवरून साचा काढायचा, त्यात रेझिन ओतायचे, वर रंग द्यायचा, अशी ही नक्कल. मूळ नखी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ताब्यात आहे. बाहेरच्या वळणावर दोरा धरला तर सुमारे ३१ सेंटिमीटर भरते, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटे. तीही नुसत्या हाडाची. बैलाच्या शिंगात हाडाची खुंटी असते आणि वर कवच. तसेच कवच या हाडावर होते, ते कुजून गेले. जिवंतपणीचे हत्यार याहून मोठे.

ती सापडली इंग्लंडात सरे परगण्यातल्या ओक्लीजवळ, विटांसाठी माती काढण्याच्या खाणीत, जानेवारी १९८३ मध्ये. सापडली कोणाला? विल्यम वॉकर या प्लंबरला. पोटासाठी नळ जोडायचे आणि हौसेसाठी जीवाश्म शोधायचे, असा हा मनुष्य. घरी येऊन त्याने तुकडे जुळवले, तो टोकच नाही! गडी पुन्हा त्याच चिखलात गेला आणि टोक शोधून आला. ज्यांचे शिक्षण आमच्यासारखे रात्रशाळेत आणि फुकट वाचनालयात झाले, त्यांना या दुसऱ्या खेपेची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे म्युझियमची माणसे आली. तीन आठवडे खणून सुमारे दोन टन दगड चोपन्न ठोकळ्यांत नेला. त्यातून हाडे सोडवायला वर्षे लागली. नखी वॉकरने म्युझियमला देऊन टाकली. बाकीचा सांगाडा खाणीच्या मालक कंपनीने दिला. मालकांची स्तुती करण्याचे प्रसंग आमच्या धंद्यात थोडेच, पण हा एक त्यांच्या खाती जमा धरू. शास्त्रज्ञ चॅरिग आणि मिल्नर यांनी १९८६ मध्ये प्राण्याला नाव दिले: बॅरिओनिक्स वॉकेराय. पहिल्या शब्दाचा अर्थ 'जड नखी', दुसरा वॉकरच्या नावावरून. ज्यांच्या फावड्यांनी आणि यंत्रांनी ती खाण उघडी झाली, त्यांची नावे मात्र कोठे नाहीत.

नखी दिली म्हणूनच तिचा साचा निघाला, आणि म्हणूनच आज तुमच्यापैकी कोणीही येथे दोरा लावून आमचे माप खोटे पाडू शकतो. कपाटात कुलूपबंद राहिली असती, तर आम्ही सांगू ते तुम्हाला मुकाट ऐकावे लागले असते.

पण नक्कल सगळे सांगत नाही. हिच्याकडे पाहून वाटते, हा सरळसरळ फाडून खाणारा राक्षस. खाणीने वेगळी साक्ष दिली. सांगाड्याच्या पोटाच्या जागी माशांचे खवले निघाले, जठरातल्या आम्लाने खाल्लेले. आणि इग्वानोडॉनसारख्या एका शाकाहारी डायनोसॉरच्या पिलाची हाडेही. जबडा मगरीसारखा लांबट. तेव्हा अस्वल पंजाने मासा उडवते तशी ही नखी चालत असावी, असा तर्क निघाला. मासेखाऊ म्हणजे गरीब, असे मात्र कोणी समजू नये; पिलू पोटात होते.

आणखी एक अडचण होती. नखी सुटी सापडलेली. मग ती हाताची की पायाची? तो निवाडा नखीवरून झालाच नाही. दंडाचे हाड भलतेच दणकट निघाले, तेव्हा ती हाताची ठरली.