घरी जायला जमेल का?



कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की तालुक्याबाहेर पडावं लागतं. कोणी अणशी घाट उतरून कारवारला जातो, कोणी रामनगरहून बेळगावला, कोणी अनमोडमार्गे गोव्यात बांबोळीला. ऑपरेशन होतं, ताप उतरतो आणि राउंडला आलेले डॉक्टर सांगतात, उद्या डिस्चार्ज. टाके पाहिले, रक्तदाब पाहिला. रुग्णाला मात्र कोणी विचारत नाही, ‘घरी जायला जमेल का?’

अमेरिकेत मार्केट विद्यापीठातल्या मॅरिएन वाइस यांनी हेच विचारणारी प्रश्नावली सहकाऱ्यांसह तयार केली. 2006 साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंगात ताकद किती, औषधपाण्याची माहिती किती, घरी निभावेल का, मदतीला कोण आहे, यावर रुग्ण 0 ते 10 गुण देतो. सिस्टरही वेगळे गुण देतात आणि ते बरेचदा रुग्णापेक्षा जास्त असतात. म्हणून दोघांनाही विचारायला हवं.

आपल्याकडे प्रश्न आपलेच हवेत. बस थांबते तिथून घर किती लांब? पावसात ओढा ओलांडावा लागतो का? विहिरीचं पाणी कोण आणणार? रात्री दुखलं तर फोनला रेंज कुठे मिळते? काळी नदीच्या खोऱ्यातल्या, जंगलातल्या वाड्यांवर टाक्यांइतकंच महत्त्व या उत्तरांना आहे.

त्यात भाषेची अडचण. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सिस्टर कन्नडमध्ये बोलणार, घरात कोकणी नाहीतर मराठी. ‘समजलं ना?’ विचारलं की आमचा माणूस मान हलवतो. सोबत आलेल्याची मजुरी बुडत असते, शेतात लावणी अडलेली असते, त्यामुळे दुखत असलं तरी तो ‘बरं आहे’ म्हणतो. त्याऐवजी त्याच्या हातात पाकिटं देऊन ‘रात्रीची गोळी कोणती, दाखवा बघू’ म्हणावं. चुकली तर पुन्हा सांगावं, आणि गोळ्या देणार असेल त्या सुनेला किंवा मुलालाही समोर बसवावं.

उत्तर ‘नाही जमणार’ असं आलं, तर आणखी एखादा दिवस ठेवून घेता येईल का ते पाहावं. गावच्या आशाताईंना फोन करावा. ड्रेसिंगसाठी घाट उतरायला लावण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी द्यावी. आणि रुग्णांनो, बायाबापड्यांनो, भीती वाटत असेल तर कपडे बांधायच्या आधीच सिस्टरना तसं सांगा.